चहाचे पैसे

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, १९९४ च्या एप्रिल महिन्यात, एका सहकारी बँकेच्या लेखापरीक्षणासाठी मी पहिल्यांदा गेले तेव्हा सीए होण्यासाठीची माझी आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. ज्यांच्या हाताखाली मी शिकत होते त्या सरांनी एसटीतून उतरतानाच दोन गोष्टी बजावल्या होत्या. डबा आपलाच खायचा, आणि बँकेने मागवलेला चहा घ्यायचा तो पैसे शिपायाच्या हातावर ठेवूनच. अकराच्या सुमारास चहा आला, सरांनी खिशातून सुटे काढले आणि व्यवस्थापकांचा चेहरा उतरला. "साहेब, आता चहाचे पैसे घेऊ का तुमच्याकडून? लोक काय म्हणतील आम्हाला?" सर शांतपणे म्हणाले, "चहा मला फार आवडतो हो, म्हणूनच देतोय."

ज्या भागात पाहुण्याला चहा न विचारणे हा अपमान आणि विचारलेला चहा नाकारणे हा त्याहून मोठा अपमान, तिथे हा प्रकार मला विक्षिप्तपणाचाच वाटला होता. खरा धडा मात्र तिसऱ्या दिवशी मिळाला. कर्जाच्या लेजरांवर टिका मारत असताना सरांच्या समोर त्यांच्या सख्ख्या साडूंचे खाते आले. त्यांनी लेजर मिटले, हातातली लाल पेन्सिल त्यावर आडवी ठेवली आणि मिरजेहून आपल्या भागीदाराला बोलावून घेतले. ते लेजर पुढे त्या भागीदारांनीच तपासले, आणि ते तपासत असताना सर बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसले. साडूंच्या खात्यात काहीही वावगे नव्हते. हप्ते वेळेवर होते, तारण पुरेसे होते. पण संध्याकाळपर्यंत साऱ्या बँकेत, आणि आठवड्याभरात साऱ्या गावात, 'साहेबांनी साडूच्या खात्याला हात लावला नाही, म्हणजे काहीतरी भानगड असणार' असे पसरले. साडू पुढची दोन वर्षे सरांशी बोलत नव्हते.

आज कंपनी कायद्याखालचे लेखापरीक्षण स्वीकारताना जे पत्रक भरावे लागते, त्यात नातेवाइकांची यादी असते. नवरा-बायको, आई, वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंब असले तर त्यातले सदस्य. साडू २०१३ च्या कायद्यातही या यादीत नाही. ज्या राज्यात साखर कारखान्यांपासून पतसंस्थांपर्यंत निम्मे राजकारण मेहुण्या-साडूंच्या आधाराने उभे असते, तिथे ही यादी कोणी केली असेल, असा प्रश्न मला दर वर्षी पडतो.

पुढे जे लिहायचे आहे ते बाजाराच्या आणि बँकांच्या नियामकांबद्दल आहे. म्हणजे सेबी, रिझर्व्ह बँक आणि तशाच इतर देशांतल्या संस्थांबद्दल. पण त्याआधी मला माझ्या स्वतःच्या एका चुकीबद्दल सांगितले पाहिजे, कारण या विषयावर जे काही मला समजले आहे ते त्या चुकीतूनच समजले आहे.

२०१२ साली ठाण्याच्या बाजूच्या एका सहकारी बँकेचे वैधानिक लेखापरीक्षण माझ्याकडे आले. माझे वडील निवृत्त शिक्षक. त्यांच्या निवृत्तीच्या पैशांतला मोठा भाग त्याच बँकेत मुदत ठेवींमध्ये होता, कारण शाखा घराच्या कोपऱ्यावर होती आणि व्याज अर्धा टक्का जास्त मिळत होते. ठेवीवरचे विमासंरक्षण त्या काळी एक लाख रुपयांचे होते आणि बाबांची रक्कम त्याच्या कितीतरी पट होती. काम स्वीकारताना जे पत्रक मी भरले, त्यात बँकेचे शेअर आहेत का असे विचारले होते, कर्ज आहे का असे विचारले होते, कोणाला हमी दिली आहे का असेही विचारले होते. नातेवाइकांच्या ठेवींचा रकाना नव्हता. मी सही केली, आणि ती खोटी नव्हती.

तपासणीत एका बांधकाम व्यावसायिकाचे खाते आले. हप्ते ऐंशीच्या वर दिवस थकलेले, नव्वद दिवस झाले की खाते एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा. आणि २९ मार्चला सगळी थकबाकी एकदम भरलेली. त्याच दिवशी त्याच्या भावाच्या नावावर नवे कर्ज मंजूर झाले होते. सहकारी बँकांत ज्याला 'नवं-जुनं करणं' म्हणतात, म्हणजे नव्या कर्जातून जुने भरून घेणे, तेच हे असावे, हे मला पहिल्या नजरेत दिसले होते. मी कर्ज विभागाच्या अधिकाऱ्याला विचारले, त्याने मंजुरीची टिपणी दाखवली, भावाचा धंदा वेगळा असल्याचे सांगितले, आणि मी पुढच्या खात्याकडे वळले. दोन वर्षांनी पुढच्या लेखापरीक्षकाने ते खाते एनपीएत टाकल्याचे कानावर आले तेव्हा मी माझी जुनी फाइल काढली. एकाच पानावर सहा खाती होती. पाच खात्यांपुढे माझ्या हस्ताक्षरात चार-चार, पाच-पाच प्रश्न होते : स्टॉक स्टेटमेंट कुठे आहे, जागेची पाहणी कोणी केली, कर्जाची रक्कम ज्या दिवशी उचलली त्या संध्याकाळी कुठे गेली. सहाव्या खात्यापुढे एक प्रश्न होता, एक उत्तर होते आणि उरलेली जागा कोरी होती.

मला कोणी पैसे दिले नव्हते, कोणाचा फोन आला नव्हता, वडिलांनी तर त्या बँकेचा विषयही काढला नव्हता. बँक बुडाली नाही, बाबांची ठेव मुदतीला व्याजासह मिळाली. तरीही त्या कोऱ्या जागेचे दुसरे स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. त्या बँकेच्या ताळेबंदाला धक्का लागावा असे माझ्यातल्या कोणाला तरी वाटत नव्हते, आणि त्या कोणीतरी माझ्या नकळत पेन खाली ठेवले. हितसंबंध आपल्याला खोटा निकाल द्यायला लावतात अशी आपली समजूत असते. माझा अनुभव असा की ते इतके उघड काही करत नाहीत. ते फक्त विचारायच्या प्रश्नांची संख्या कमी करतात. जो प्रश्न विचारलाच गेला नाही त्याची नोंद कुठल्याही फाइलीत नसते, म्हणून नंतर कितीही कसून चौकशी केली तरी हाताला काही लागत नाही.

म्हणूनच नियामकांच्या हितसंबंधांचा विषय निघाला आणि 'पण त्यांनी काही चुकीचे केले असे सिद्ध झाले का?' असे कोणी विचारले, की मला तो प्रश्न उशिरा आलेला वाटतो.

गेली बरीच वर्षे माझे एक अशील बांद्रे-कुर्ला संकुलात आहे. दुपारी एक ते दोनच्या दरम्यान त्या भागात फिरणाऱ्याला जे दिसते ते नियमांच्या पुस्तकात कुठेच लिहिलेले नाही. जी ब्लॉकमध्ये सेबी भवन आहे आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर राष्ट्रीय शेअर बाजाराची, म्हणजे एनएसईची इमारत आहे. मोठ्या बँका, म्युच्युअल फंड, दलाली पेढ्या, कायद्याच्या कचेऱ्या, सगळे आसपासच. नियम करणारे, पाळणारे आणि त्यातून वाट काढून देणारे, असे तिघेही गळ्यात ओळखपत्राच्या रंगीत फिती अडकवून एकाच गाडीवर सँडविच खात उभे असतात. त्यातले बरेच जण एकाच कॉलेजातून आलेले, काही एकमेकांचे जुने सहकारी, काही उद्याचे. यात गैर काही नाही. ज्याला बाजार कळतो तो बाजारातूनच येणार, आणि बाजार न कळणारा नियामक हा तर त्याहून मोठा धोका. पण संबंध असणारच हे एकदा मान्य केले, की ते मोजायचे कसे आणि दाखवायचे कसे एवढाच प्रश्न उरतो, आणि आपल्याकडे तो फार काळ सभ्यतेवर सोडून दिला गेला.

१० ऑगस्ट २०२४ रोजी हिंडेनबर्ग रिसर्च या अमेरिकी संस्थेने सेबीच्या तत्कालीन अध्यक्ष माधवी पुरी बुच यांच्यावर आरोप केले. अदाणी समूहाशी संबंधित व्यवहारांत ज्या परदेशी निधींची नावे आली होती, तशा निधीत बुच आणि त्यांचे पती धवल बुच यांची गुंतवणूक होती, असा त्यांचा मुख्य रोख होता. पतीचे ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीतले सल्लागारपद आणि बुच यांच्या नावावरची एक सल्लागार कंपनी हेही मुद्दे होते. बुच दांपत्याने आरोप साफ नाकारले. ती गुंतवणूक २०१५ मधली, म्हणजे त्या सेबीत येण्याच्या दोन वर्षे आधीची होती आणि २०१८ मध्ये काढूनही घेतली होती, असे त्यांनी सांगितले. आवश्यक ती माहिती अध्यक्षांनी वेळोवेळी दिली आहे आणि जिथे हितसंबंध येऊ शकत होते अशा प्रकरणांतून त्या बाजूला झाल्या आहेत, असे सेबीने स्पष्ट केले. पुढे २८ मे २०२५ रोजी लोकपालांनी त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी आधार नसल्याचे सांगून निकाली काढल्या. आरोप करणारी संस्था शेअर पडल्यावर नफा कमावणारी होती, म्हणजे तिचेही हित गुंतलेले होतेच, हेही विसरून चालणार नाही.

मला त्या सगळ्या गदारोळातला एकच छोटा तुकडा महत्त्वाचा वाटतो. अध्यक्ष ज्या प्रकरणांतून बाजूला झाल्या त्यांची यादी माहितीच्या अधिकारात कोणीतरी मागितली. अशी माहिती एकत्र केलेली नाही, ती गोळा करायची तर सेबीची साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्ची पडेल, असे उत्तर मिळाले. आर्टिकलशिप केलेल्या कुठल्याही मुलाला या उत्तरातली गोम कळेल. जी गोष्ट केली त्याची नोंदवही नाही, ती केली होती हे सांगायला केवळ आपला शब्द उरतो. त्या बाजूला झाल्या असतीलच. मला त्यावर अविश्वास दाखवायचा नाही. पण एक वही असती, तारीख, प्रकरण, कारण आणि निर्णय कोणी घेतला असे चार रकाने असते, तर ऑगस्टच्या त्या शनिवारी रात्री सुरू झालेला वाद सोमवारी बाजार उघडण्याआधी एका कागदावर मिटू शकला असता. प्रामाणिक माणसाला नोंदवहीची गरज अप्रामाणिक माणसापेक्षा जास्त असते, हे आमच्या सरांना १९९४ मध्ये ठाऊक होते; त्यांनी लेजर मिटले तेव्हा आधी त्याच पानावर तारखेसह तसा शेरा मारला होता.

बाजूला होण्याची याहून जुनी गोष्ट महाराष्ट्राशी जवळून जोडलेली आहे. चंद्रशेखर भास्कर भावे हे महाराष्ट्र केडरचे आयएएस अधिकारी. सरकारी नोकरी सोडून १९९६ मध्ये त्यांनी एनएसडीएल ही देशातली पहिली डिपॉझिटरी उभी केली; आपले शेअर आज कागदावर नसून संगणकात आहेत, त्याचा पाया त्यांनी घातला. २००३ ते २००५ या काळात प्राथमिक समभाग विक्रीतला (आयपीओ) छोट्या गुंतवणूकदारांचा राखीव हिस्सा बनावट नावांच्या हजारो डीमॅट खात्यांतून लाटला गेल्याचे उघड झाले आणि सेबीने डिपॉझिटरींच्या कामावरही बोट ठेवले. मग २००८ मध्ये तेच भावे सेबीचे अध्यक्ष झाले. एनएसडीएलचे प्रकरण सेबीपुढे तसेच पडून होते.

त्यांनी करायला हवे तेच केले. त्या प्रकरणापासून ते दूर राहिले. मंडळाच्या दोन सदस्यांची समिती नेमली गेली. तिने डिसेंबर २००८ मध्ये दिलेल्या आदेशात एनएसडीएलवर ठपका तर ठेवलाच, पण खुद्द सेबीच्या कारभारावरही ताशेरे ओढले. आणि नोव्हेंबर २००९ मध्ये सेबीच्या मंडळाने तो आदेश अधिकारकक्षेबाहेरचा म्हणून रद्दबातल ठरवला. समितीतले एक सदस्य मोहन गोपाल यांनी त्याला विरोध नोंदवला. कोणाचे बरोबर होते हा वाद इथे उकरायचा नाही. मला त्यात दिसते ती बाजूला होण्याची मर्यादा. अध्यक्ष खोलीतून बाहेर गेले तरी खोलीतल्या इतरांना, आत चाललेला विषय त्यांच्याच जुन्या घराचा आहे, हे माहीत असते. अशा वेळी कनिष्ठांनी कडक निर्णय घेतला तर तो धाडसाचा ठरतो आणि सौम्य घेतला तर संशयाचा. साध्यासरळ निर्णयाला जागाच उरत नाही. भावे यांच्यासारख्या स्वच्छ प्रतिमेच्या माणसाच्या बाबतीतही हे टळले नाही, म्हणजे दोष माणसाचा नव्हता; नेमणुकीच्या आधीच पुढे कोणकोणती प्रकरणे या माणसाच्या वाटेत येणार आहेत याचा हिशेब मांडून ती सोपवायची कोणाकडे, हे ठरवले गेले नव्हते.

आपण भारतीय या बाबतीत विशेष ढिसाळ आहोत, असे वाटण्याचेही कारण नाही. स्वित्झर्लंडमध्ये, जिथे घड्याळ आणि बँक या दोन्ही गोष्टी श्रद्धेच्या पातळीवर आहेत, तिथे मध्यवर्ती बँकेचे प्रमुख फिलिप हिल्डेब्रँड यांना ९ जानेवारी २०१२ रोजी पद सोडावे लागले. त्यांच्या पत्नीने ऑगस्ट २०११ मध्ये पाच लाखांच्या आसपास डॉलर विकत घेतले होते आणि त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ६ सप्टेंबरला, त्यांच्या बँकेने फ्रँकचा चढता भाव रोखण्यासाठी युरोमागे १.२० फ्रँकची मर्यादा जाहीर केली. पत्नी स्वतः पूर्वी या क्षेत्रात काम केलेली, स्वतःच्या निर्णयाने गुंतवणूक करणारी बाई. बँकेच्या अंतर्गत नियमांचा भंग झाला नाही असेच तपासणीत निघाले होते. तरी हिल्डेब्रँड गेले, कारण हा व्यवहार पत्नीने आपल्याला न सांगता केला हे निर्विवादपणे सिद्ध करणे आपल्याला शक्य नाही, असे त्यांनी स्वतःच मान्य केले. नवरा-बायकोच्या रात्रीच्या जेवणाच्या गप्पांचे इतिवृत्त कोणी ठेवत नाही. हे प्रकरण वाचले तेव्हा मला एकदम माझ्या त्या सहाव्या खात्यापुढची कोरी जागा आठवली. 'मी प्रामाणिक होते' याचा पुरावा त्या जागेत ठेवता येत नाही आणि 'मी नव्हते' याचाही नाही.

अमेरिकेचे उदाहरण आणखी बोलके आहे, कारण तिथे नियमच तोकडे होते. २०२० मध्ये कोविडने बाजार कोसळत होता आणि फेडरल रिझर्व्ह बँक तो सावरण्यासाठी अफाट पैसा ओतत होती, त्याच वर्षी डॅलसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष रॉबर्ट कॅप्लन यांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये दहा-दहा लाख डॉलरहून मोठे व्यवहार केले होते. बोस्टनच्या एरिक रोझेनग्रेन यांचेही व्यवहार समोर आले. दोघांनीही सप्टेंबर २०२१ मध्ये पद सोडण्याची घोषणा केली. कायदा मोडला गेला नाही, मात्र हितसंबंध गुंतल्याचे चित्र निर्माण झाले, असा निष्कर्ष पुढे फेडच्या महानिरीक्षकांनी काढला. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, फेडने वरिष्ठ अधिकाऱ्यांना एकेका कंपनीचे शेअर घेण्यास बंदी केली, इतर कोणत्याही खरेदी-विक्रीआधी ४५ दिवसांची सूचना बंधनकारक केली आणि घेतलेली गुंतवणूक किमान एक वर्ष ठेवण्याची अट घातली. बाजार विलक्षण तणावात असताना व्यवहारच करायचा नाही, असेही ठरले.

मला यातली ४५ दिवसांची अट फार आवडते. ती माणसाला 'तू चोर आहेस का' असे विचारत नाही. दीड महिन्यानंतर बाजार कुठे असेल ते त्यालाही ठाऊक नसते, म्हणून त्याच्याजवळ आज जी आतली माहिती आहे ती त्याच्या खिशासाठी निरुपयोगी होऊन जाते. चांगला नियम नीतीची परीक्षा घेत नाही, मोहाची मुदत संपवून टाकतो. याउलट आपल्याकडच्या अनेक आचारसंहिता 'सदस्याने हितसंबंध टाळावेत' असल्या सुभाषितांनी सुरू होतात आणि तिथेच थकतात. सेबीच्या मंडळ सदस्यांसाठी २००८ पासून हितसंबंधांबाबतची संहिता होती, ती काही वाईट नव्हती. पण माहिती द्यायची ती आतल्या आत, आणि बाजूला व्हायचे तेही आतल्या आत.

व्यक्तींबद्दल एवढे बोलतो, संस्थेच्या स्वतःच्या हितसंबंधांबद्दल मात्र आपण कमी बोलतो. इंपीरियल बँकेची १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक झाली तेव्हापासून तिची बहुसंख्य मालकी रिझर्व्ह बँकेकडे होती. म्हणजे देशातली सर्वांत मोठी बँक आणि तिच्यावर देखरेख ठेवणारी यंत्रणा यांचे नाते बावन्न वर्षे मालक आणि मालमत्तेचे होते. मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेतून निघालेला तपासनीस स्टेट बँकेचे दप्तर उघडत असे तेव्हा तो एका अर्थाने स्वतःच्याच घरच्या तिजोरीची कुलपे तपासत असे. २९ जून २००७ रोजी सरकारने जवळपास ६० टक्क्यांचा तो हिस्सा सुमारे ३५,५३१ कोटी रुपयांना विकत घेतला, तेव्हा ही गाठ सुटली. नॅशनल हाउसिंग बँक आणि नाबार्ड यांतला रिझर्व्ह बँकेचा हिस्सा तर २०१९ मध्ये सरकारकडे गेला. अर्थात मालकी रिझर्व्ह बँकेकडून गेली ती सरकारकडे, आणि सरकारी बँकांच्या संचालक मंडळावर रिझर्व्ह बँकेचा प्रतिनिधी बसवण्याची तरतूद कायद्यात आहेच. ज्या मंडळाच्या देखरेखीखाली कर्जाचे निर्णय होतात त्याच मंडळावर नियामकाचाही माणूस बसलेला, आणि उद्या त्या कर्जावर प्रश्न विचारायचा तोही नियामकानेच. हे मला सरांनी पैसे न देता चहा पिण्यासारखे वाटते.

शेअर बाजारही याच वाटेने गेला. मुंबई शेअर बाजाराचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या दलालच पाहत. दलालांवर नियंत्रण ठेवणारे दलालच. १९९२ आणि २००१ अशा दोन घोटाळ्यांनी पोळल्यावर, २००५ मध्ये मालकी, व्यवस्थापन आणि दलालीचा हक्क एकमेकांपासून तोडले गेले. एवढ्यावर भागले असेही नाही, कारण आज बाजार ही स्वतःच नफा कमावणारी कंपनी आहे आणि जे दलाल तिला उत्पन्न मिळवून देतात त्यांच्यावर पहिली नजर ठेवण्याचे कामही तिचेच आहे. गाठ सोडवली म्हणता म्हणता ती दोरीवर थोडी पुढे सरकते.

तुहिन कांत पांडे यांनी १ मार्च २०२५ रोजी सेबीची सूत्रे घेतली आणि त्याच महिन्यात मंडळाने हितसंबंधांच्या नियमांचा फेरविचार करायला एक उच्चस्तरीय समिती नेमण्याचे ठरवले. माजी मुख्य दक्षता आयुक्त प्रत्युष सिन्हा तिचे अध्यक्ष आणि माजी सनदी अधिकारी इंजेती श्रीनिवास उपाध्यक्ष. सदस्यांत बँकर उदय कोटक आणि रिझर्व्ह बँकेतून सेबीत आलेले जी. महालिंगम हेही होते. समितीने १० नोव्हेंबर २०२५ रोजी अहवाल दिला. अध्यक्ष, पूर्णवेळ सदस्य आणि मुख्य महाव्यवस्थापक व त्यावरच्या अधिकाऱ्यांनी मालमत्ता व देणी जनतेसमोर जाहीर करावीत. कोण कोणत्या प्रकरणातून बाजूला झाले याचा गोषवारा वार्षिक अहवालात छापावा. कर्मचाऱ्यांना गुंतवणुकीची जी बंधने आहेत ती अध्यक्षांनाही लागू करावीत. नोकरी सोडल्यावर दोन वर्षे सेबीपुढे किंवा सेबीविरुद्ध उभे राहू नये. नीतिनियमांसाठी वेगळे कार्यालय असावे. कुटुंबाची व्याख्या सगळ्यांसाठी एकच असावी, अशा त्याच्या शिफारशी आहेत. म्हणजे माझी ती चार रकान्यांची वही अखेर कोणीतरी मागितली.

डिसेंबरमध्ये हा अहवाल मंडळापुढे आला तेव्हा निर्णय लांबणीवर पडला, आणि मालमत्ता जगजाहीर करण्यावरून कर्मचाऱ्यांना वाटणारी खासगीपणाची काळजी हे त्याचे एक कारण सांगितले गेले. माझ्या ओळखीच्या अनेकांनी यावर नाके मुरडली. मी मुरडली नाही. संस्थेतल्या नीतिअधिकाऱ्याला सर्व काही सांगणे वेगळे, आणि आपल्या सोसायटीतल्या प्रत्येकाला, लग्नाच्या मुलीच्या सासरच्यांना आणि उसने मागायला येणाऱ्या चुलतभावाला ते एका क्लिकवर दिसणे वेगळे. अध्यक्षांनी आणि पूर्णवेळ सदस्यांनी हे सोसलेच पाहिजे. पद स्वीकारताना तो त्या पदाचा भाग म्हणूनच स्वीकारावा लागेल. खालच्या फळीबाबत मात्र, काय उघड करायचे आणि काय सीलबंद पाकिटात ठेवायचे, यावर वाद घालायला जागा आहे असे मला वाटते. बाजूला होण्याच्या नोंदी छापण्याला मात्र खासगीपणाचे कारण लागू होत नाही. ती कामाची नोंद आहे, घरची नाही.

हे मी इतक्या सहानुभूतीने लिहिते आहे त्याला एक ताजे कारण आहे. गेल्या महिन्यात एका नव्या कामासाठी मला पुन्हा ते पत्रक भरायचे होते. नाशिकच्या भावाला फोन केला तर तो म्हणाला, "माझा पोर्टफोलिओ तुझ्या फर्मला कशाला हवाय? मी काय तुझा अवलंबित आहे का?" त्याचे म्हणणे रास्त होते आणि कायद्याच्या यादीत त्याचे नावही होते. चार दिवस अबोला धरून त्याने शेवटी एक स्क्रीनशॉट पाठवला, वर एकही शब्द न लिहिता.

आईची पाळी शेवटी आली. बाबांच्या मागे तिच्या नावावर झालेले काही शेअर आहेत हे मला माहीत होते, पण तिने स्टीलच्या कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि त्यातून एक कागदी प्रमाणपत्र निघाले, डीमॅट न झालेले, दोघांच्या नावांचे, पन्नास शेअरचे, दर्शनी किंमत दहा रुपये. ज्या समूहाच्या कामासाठी पत्रक भरत होते त्याच समूहातली ती कंपनी होती. कायद्याने नातेवाइकाला एक लाख रुपये दर्शनी किमतीपर्यंत मुभा आहे. हे पाचशे रुपयांचे. तरी मी रकान्यात ते लिहिले आणि भागीदाराला फोन करून सांगितले की त्या कंपनीचे काम दुसऱ्या कोणाकडे द्या.

आई चष्मा लावून माझ्या खांद्यावरून पत्रक वाचत होती. यादीवरून तिचे बोट सावकाश खाली आले आणि तळाशी थांबले.

"यात दीर-नणंदा कुठे आहेत गं?"

"नाहीत आई. कायद्यात नाहीत त्या."

"मग अर्धं घर राहिलंच की," ती म्हणाली, आणि प्रमाणपत्राची पुन्हा नीट घडी घालून ते पिशवीत ठेवायला लागली.